बिबट्या : नर कोणता, मादी कोणती?

(नभोवाणीवरील भाषण)



छत्तीस वर्षे मी मुरूड तालुक्यातील खेडोपाडीच्या शाळांतून मुलांच्या पाट्या आणि वह्या तपासल्या. दुसऱ्यांच्या चुकांवर तांबडी रेघ ओढणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने आपली स्वतःची एक चूक चार लोकांत सांगावी हे न्यायास धरूनच होईल. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ मी त्या चुकीपासूनच करतो.

फणसाडचे अभयारण्य आपल्यापैकी पुष्कळांस ऐकून तरी ठाऊक असेल. अलिबागहून मुरूडकडे जाताना काशीदची पुळण लागते, तेथे डाव्या हातास जे गर्द डोंगर दिसतात ते त्याचेच. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, तेथील पाणवठ्यांवर येणाऱ्या जनावरांची मोजदाद करण्याचा प्रघात आहे. त्या सुमारास ओढे आटलेले असतात, आणि जी थोडी पाण्याची ठिकाणे उरतात त्यांकडे रानातील यच्चयावत प्राण्यास यावेच लागते. या ठिकाणांस आमच्याकडे ‘गाण’ म्हणतात. गाणीच्या काठी झाडावर मचाण बांधलेले असते. त्यावर वनखात्याचा एक रक्षक आणि एक-दोन हौशी माणसे रात्रभर बसतात. हाती एक तक्ता असतो. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू असे त्याचे रकाने, आणि अगदी शेवटचा रकाना ‘ओळखता आले नाही’ असा.

सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी असा एका मचाणावर बसलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर पलीकडच्या झाडीत वानर खेकसले, पाठोपाठ भेकर भुंकले, आणि थोड्या वेळाने एक बिबट्या कसलाही आवाज न करता गाणीच्या काठाशी येऊन उभा राहिला. चांदणे पिठासारखे पडले होते. जनावर भले थोरले दिसले. छाती रुंद, चाल डौलाची. मी विजेरीवर रुमाल धरून तक्त्यात ‘नर’ या रकान्याखाली तत्काळ खूण केली. रक्षकाने ती पाहिली, पण तो काही बोलला नाही. जनावर पाणी पिऊन खाली बसले. पाव घटका गेली असेल नसेल, तोच मागील जाळीतून मोठ्या बोक्याएवढी दोन पिल्ले बाहेर आली, आणि त्यांतील एकाने माझ्या त्या नराच्या शेपटीशी खेळ मांडला. तेव्हा रक्षक माझ्या कानाशी लागून म्हणाला, “गुरुजी, खोडरबर आणलंय का?”

माझ्या हाती पेन्सिल होती म्हणून हे खोडरबरावर निभावले. याच रानात ज्यांच्या हाती बंदुका असत त्यांचे तसे होत नसे. फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे राखीव रान. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले, पुढे १९८६ साली येथे अभयारण्य झाले. मधल्या काळात परवाना काढून आणि न काढताही पुष्कळ शिकार झाली. बिबट्याच्या शिकारीची रीत ठरलेली होती. मचाणाखाली बकरा बांधावयाचा, अंधार पडू द्यावयाचा, बकऱ्याचे ओरडणे एकाएकी थांबले की बंदुकीस बांधलेली विजेरी लावावयाची, आणि प्रकाशात दोन डोळे चमकले की चाप ओढावयाचा. या साऱ्या व्यवहारात जनावर दृष्टीस पडते ते तीन-चार पळे, तेही समोरून. नर आहे की मादी, हे पाहण्यास त्यात जागाच नव्हती.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या गावात अशी एक शिकार बैलगाडीतून आली. ढोलकी वाजली, बायकामुले जमली, मारणाऱ्याच्या गळ्यात हार पडला. जनावर अंगणात आडवे घालून त्याची लांबी मोजण्यात आली. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ही लांबी मोजण्याच्या दोन तऱ्हा. नाकाच्या शेंड्याशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक अशा खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर घेणे ही प्रामाणिक तऱ्हा; पाठीच्या उंचवट्यांवरून दोरी फिरवून मोजणे ही दुसरी, आणि तीत जनावर चार बोटे वाढते. आमच्या गावात अर्थातच दोरी फिरली. नंतर कातडे सोलावयास घेतले, तेव्हा पोटाशी सुरी लागताच दूध बाहेर आले. ढोलकी वाजविणारा थांबला. वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी “पोरांना घरी न्या” असे म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. पुढे दोन दिवस काही माणसे ज्या बाजूस ती मारली गेली त्या बाजूची कपारी धुंडीत हिंडली. त्यांना काही सापडले नाही. सापडावयास हवे होते असे आता मला समजते, कारण दूध पिणारी पिल्ले आपल्या पायांनी दूर कोठे जात नाहीत.

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. आज बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मग हा प्रश्न आता कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच कायद्याच्या ११व्या कलमात आहे. एखादे जनावर माणसाच्या जिवास धोकादायक झाले, आणि त्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र नेणे शक्य नाही अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाली, तर ते कारणे नमूद करून त्या जनावरास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. परवानगी असते ती ‘त्या’ जनावराची, रानातील कोणत्याही जनावराची नव्हे. आता ‘ते’ कोणते, हे ठरविण्याची पहिली पायरी म्हणजे नर की मादी. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूस २०१८ साली जे घडले ते आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल. ती गोष्ट पट्टेरी वाघाची. टी-१, लोक जिला अवनी म्हणत, ती वाघीण आणि टी-२ नावाचा नर एकाच मुलखात फिरत होते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री वाघीण गोळीने मारली गेली, तेव्हा तिची सुमारे दहा महिन्यांची दोन पिल्ले रानात उरली. त्यांतील मादी पिल्लू डिसेंबरात पकडून पेंचला न्यावे लागले. तेथे ती मादी असल्याचे आणि तिला पिल्ले असल्याचे सर्वांस आधीपासून ठाऊक होते. जेथे हे ठाऊक नसते तेथे काय होत असेल, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

आता ओळखावयाचे कसे, त्याकडे वळू. प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर ‘वाघ’ हा शब्द सरसकट बिबट्यास लावतात. खऱ्या वाघास पट्टेरी वाघ किंवा ढाण्या वाघ म्हणतात. तेव्हा नागाव-चौलकडचा कोणी “काल वाघीण पाहिली” असे म्हणाला, तर त्याने बिबट्या पाहिला इतकेच समजावे; ‘वाघीण’ हे बहुधा त्याच्या घाबरण्याचे व्याकरण असते.

निश्चित खूण एकच, आणि ती मागच्या बाजूस असते. शास्त्राच्या गोष्टीत संकोच धरून चालत नाही म्हणून सांगतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वृषण शेपटीच्या मुळाखाली, दोन्ही मांड्यांच्या मध्ये, जनावर पाठमोरे असून शेपटी वर किंवा बाजूस असेल तर स्पष्ट दिसतात. मादीच्या ठिकाणी असा काही उंचवटा नसतो. दिसण्यास इतकी सोपी ही खूण, पण ती दिसण्यासाठी जनावर पाठमोरे हवे, उजेड हवा, शेपटी वर हवी, आणि पाहणाऱ्याचे लक्ष चेहऱ्यावरून निघून तिकडे जावयास हवे. या चार गोष्टी एकत्र येणे दुर्मिळ. बिबट्या दिसला की माणूस त्याच्या डोळ्यांकडे पाहतो. मीही तेच केले.

बाकीच्या खुणा तुलनेच्या आहेत. भरल्या वयाच्या नराचे डोके रुंद, गाल भरलेले, मान इतकी जाड की डोके कोठे संपले आणि खांदा कोठे सुरू झाला हे चटकन कळू नये. म्हाताऱ्या नरांच्या गळ्याखाली पोळीसारखी सैल कातडी लोंबते. मादीचे डोके लहान व निमुळते, मान बारीक, अंग लांबट. वजनात तर फारच अंतर. नर साधारणपणे ५० ते ७० किलोचा, मादी ३० ते ४० किलोची. शेपटी धरून नर सात फुटांच्या आसपास भरतो, मादी त्याहून फूटभर आखूड. कागदावर हा भेद लख्ख दिसतो. रानात दोघे शेजारी उभे राहत नाहीत ही खरी अडचण. एकटे जनावर मोठे की लहान हे मनुष्य आपल्या भीतीच्या मापाने ठरवितो. शिवाय दीड-दोन वर्षांचा, नुकताच आईपासून सुटलेला नर अंगाने अगदी मादीसारखा असतो. त्याची मान भरलेली नसते, डोके रुंदावलेले नसते. बांधा पाहून ‘मादी’ म्हणून ज्यांची नोंद झाली असे कित्येक पोरसवदा नरच असतात. त्याच्या अंगावरील ठिपक्यांच्या वेढ्यांत लिंगभेदाचा काही पुरावा नसतो, हेही येथे सांगून ठेवतो. कारण नराचे ठिपके अधिक काळे असतात असे आमच्याकडे मोठ्या खात्रीने सांगणारे लोक आहेत.

या बाबतीत अमेरिकेतील लोकांचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. त्या खंडात कॅनडापासून चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत कूगर किंवा प्यूमा नावाचे एकरंगी, पिंगट मोठे मांजर आढळते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील काही राज्यांत परवान्याने अद्याप त्याची शिकार होते. कॅलिफोर्नियाने मात्र १९९० साली लोकमत घेऊन ती बंद केली. तेथील शिकारी कुत्रे सोडून कूगरला झाडावर चढवितात, म्हणजे जनावर डोक्यावरच्या फांदीवर आणि शिकारी खाली, अशी निवांत पाहण्याची सोय होते. अशा वेळी त्याने चेहरा पाहू नये, शेपटीखाली पाहावे, असे त्यास शिकविलेले असते. नराच्या गुदद्वाराखाली चार-पाच इंचांवर काळ्या केसांचा सुमारे रुपयाएवढा ठिपका असतो. मादीस तो नसतो. कोलोराडो राज्यात तर हे ज्ञान असल्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कूगरच्या शिकारीचा परवानाच मिळत नाही, आणि ठिपकेवाली पिल्ले बरोबर असलेल्या मादीस मारणे हा तेथे गुन्हा आहे. परीक्षेवर माझी श्रद्धा आहे, हे माझ्या पेशामुळे आपण समजून घ्याल. तथापि एक गोष्ट त्या परीक्षेसही साधत नाही. मादी फिरावयास निघते तेव्हा पिल्ले नेहमी तिच्याबरोबर नसतात.

बिबट्याचेही तसेच आहे. मादी सुमारे तीन महिने, फार तर साडेतीन महिने, गर्भ वागविते. पिल्ले बहुधा दोन किंवा तीन, जन्मतः डोळे मिटलेली. पहिले सहा-आठ आठवडे ती त्यांना कपारीत किंवा दाट जाळीत दडवून ठेवते आणि स्वतः शिकारीस जाते. कधी रात्रभर, कधी त्याहूनही अधिक वेळ परत येत नाही. तीन महिन्यांच्या सुमारास पिल्ले मागे फिरू लागतात, आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत तिच्याच आधारावर जगतात. याचा अर्थ असा की एकटा दिसलेला बिबट्या नर असतो हा तर्क मुळातच खोटा. एकटे दिसणारे जनावर ही एखाद्या कपारीतील तिघांची आई असू शकते. जवळून पाहावयास मिळाल्यास पाजणाऱ्या मादीचे आचळ लोंबलेले व त्यांभोवतालचे केस चाटून चाटून झिजलेले दिसतात. पण विजेरीच्या झोतात समोरून हे कोणास दिसणार?

जनावर दिसत नाही तेव्हा माग पाहावयाचा. ही विद्या आमच्याकडील कातकरी आणि ठाकूर मंडळींस जितकी येते तितकी मला या जन्मी येणार नाही, परंतु तिचा सांगाडा सांगता येईल. मांजराच्या जातीचे पाऊल असेल तर नखे उमटत नाहीत. कुत्र्याची, तरसाची उमटतात. ठशात मागे मोठी गादी आणि पुढे चार बोटे दिसतात. पुढचा पाय नर-मादी दोघांचाही रुंद असतो, म्हणून त्यावरून निर्णय करू नये. मागच्या पायाचा ठसा शोधावा. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा किंचित पुढे पडतो, त्यामुळे दोहोंची गल्लत होते. ती आधी सोडवावी लागते. मग मागच्या ठशाभोवती काडीने चौकट आखावी. चौकट चौरसाजवळ आली आणि बोटे गोलसर असली तर नर. चौकट लांबट आणि बोटे निमुळती असली तर मादी. आपल्या देशात ही रीत शास्त्रशुद्धपणे मांडण्याचे श्रेय ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांना जाते. त्यांनी १९६६ पासून पावलांचे ठसे काचेवर उतरवून वाघ मोजण्याची पद्धत बसविली. वनरक्षक धुळीतील ठशावर काच ठेवून वरून त्याची रेषा काढीत आणि मग ती कागदावर उतरवीत.

या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग कदाचित जिम कॉर्बेटने केला असेल. गढवालातील रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९१८ पासून आठ वर्षे माणसे खात होता. त्याच्या नावावर १२५ बळी नोंदले गेले. कॉर्बेटने तो दृष्टीस पडण्यापूर्वी केवळ ठशांवरून ठरविले की हा मोठा नर आहे आणि त्याचे ऐन वय सरलेले आहे. मे १९२६ मध्ये तो मारला गेला तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्याची लांबी खुंट्यांमध्ये सात फूट सहा इंच आणि अंगावरून सात फूट दहा इंच भरली. कॉर्बेटने दोन्ही मापे लिहून ठेवली आहेत, हे मला फार आवडते.

पण कॉर्बेटचे यश पाहून कोणी हुरळून जाऊ नये. एकाच जनावराचा ठसा धुळीत एक, चिखलात दुसरा आणि उतारावर तिसरा दिसतो. ओल्या मातीत बोटे फाकतात व मादीचा ठसा नरासारखा चौकोनी होतो. पोरसवदा नराचा घोटाळा येथेही आहेच. आमच्या किनाऱ्यावर तर जांभ्याचा कातळ. त्यावर हत्ती चालला तरी खूण राहावयाची नाही. गाणीच्या काठचा चिखल आणि बैलगाडीच्या वाटेवरील माघ-फाल्गुनातील धूळ, एवढीच काय ती आमची पाटी. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर ठसे मोजले जात असता प्रत्यक्षात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघडकीस आले, आणि तेव्हापासून वाघांच्या गणनेत ठशांची जागा स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतली. वाटेच्या दोन्ही बाजूंस हे कॅमेरे बांधतात. जनावर मधून गेले की दोन्ही कुशींची छायाचित्रे निघतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यामुळे एकच जनावर दोनदा मोजले जात नाही, आणि पुष्कळ चित्रांतून एखादे तरी पाठमोरे मिळून लिंगाचाही निकाल लागतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली या रीतीने ३५ बिबटे ओळखण्यात आले. याखेरीज विष्ठा किंवा भक्ष्याच्या जखमेवरील लाळ प्रयोगशाळेत पाठविली तर तीतील पेशींवरून नर-मादी सांगता येते. यास मात्र दिवस लागतात, आणि गावात माणूस मेला असता लोकांजवळ दिवस नसतात.

आवाजाविषयी थोडक्यात. बिबट्याची साद करवतीने लाकूड कापावे तशी खरखरीत असते. नराची अधिक खोल असते म्हणतात. पण सादा दोघेही घालतात, आणि नुसत्या कानांवर विसंबून निर्णय करणारा मनुष्य मला तरी भेटलेला नाही.

कोणी म्हणेल, नर असो वा मादी, गावाजवळ आले की पिंजरा लावावा आणि दूर सोडून द्यावे. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या तुकडीने त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. आजोबा तेथे राहिला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या त्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला, आणि वाटेत त्याने कोणा माणसास इजा केल्याचे ऐकिवात नाही. मादी थोड्या जागेत घट्ट राहते आणि त्या जागेत तिची पिल्ले असतात. तिला उचलून नेले तर पिल्ले मागे राहतात; पिल्लांस उचलून नेले तर ती त्यांना शोधीत घरांपर्यंत येते.

हे दुसरे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. माझा एक जुना विद्यार्थी राबासाठी कवळ तोडावयास डोंगरात गेला असता त्यास कपारीत दोन पिल्ले दिसली. आई दिसेना, तेव्हा कुत्री फाडतील या भीतीने त्याने त्यांतील एक टोपलीत घालून घरी आणले. त्याच्या मनात दयाच होती. त्या रात्री वाडीच्या कडेने साद फिरू लागली, गोठ्यातील गुरे दावी तोडू लागली, आणि लोकांनी ठरविले की नरभक्षक नर आला. पहाटे तो मजकडे धावत आला. मी वनखात्याच्या माणसांस बोलाविले. जुन्नरच्या बाजूस उसाच्या तोडणीत अशी पिल्ले वारंवार सापडतात, आणि तेथे वनखाते व माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील मंडळी त्यांना त्याच संध्याकाळी त्याच शेतात ठेवून आईच्या हवाली करतात, हे त्यांना ठाऊक होते. दिवस मावळण्याच्या सुमारास पिल्लू त्याच टोपलीत, त्याच कपारीपाशी ठेवण्यात आले आणि सर्वांस दूर पाठविले. सकाळी टोपली आडवी पडली होती आणि रिकामी होती; कपारीतील दुसरे पिल्लूही नव्हते. भोवतालच्या धुळीत ठसे होते. मागच्या पायाचा एक अगदी कोरीव उमटला होता. मी काडीने चौकट आखली. ती लांबट आली, बोटे निमुळती. आयुष्यात तेवढ्या एकाच ठशाविषयी मी पैजेवर बोलू शकेन.

अलिबाग, काशीद, नांदगावच्या बाजूस आपल्यापैकी ज्यांनी घरे बांधली आहेत, त्यांना रानाच्या कडेस असे पिल्लू कधी आढळले तर त्यांनी त्यास हात लावू नये, दूध पाजू नये, छायाचित्रासाठी मांडीवर घेऊ नये. आई बहुधा हाकेच्या अंतरावर असते. मागे सरावे आणि वनखात्यास कळवावे.

त्या पहिल्या मोजदादीनंतर दोन वर्षांनी मी पुन्हा बुद्धपौर्णिमेस त्याच गाणीवर बसलो. रक्षक तोच होता. पहाटे चारच्या सुमारास एक बिबट्या आला, अगदी जवळ, मचाणाच्या खालून. पाणी प्याला, आमच्याकडे एकदा वर पाहिले, आणि गेला. मी तक्त्यात वेळ लिहिली, प्राणी लिहिला आणि शेवटच्या रकान्यात खूण केली. उजाडल्यावर रक्षकाने तक्ता हाती घेतला.

“गुरुजी, इतक्या जवळून आला आणि ओळखता आलं नाही?”

“शेपटी खाली होती,” मी म्हटले.

त्याने तक्त्याची घडी करून खिशात घातली, आणि आम्ही सुपेगावच्या वाटेस लागलो.